वाहतूक संग्रहालयातील यंत्रांचे वाचन : ऐतिहासिक रेल्वे व विमाने यांचा अभ्याससहलीतील उपयोग

प्रस्तावना

ब्राह्मणपुरी हे नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील गाव. या तालुक्यातून आजही लोहमार्ग जात नाही. सुरतेहून जळगावकडे जाणारा मार्ग तापीच्या दक्षिणेकडून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर असा पुढे जातो. ‘तापी व्हॅली रेल्वे’ या नावाने इ.स. १९०० च्या सुमारास तो वाहतुकीस खुला झाला. किलिक निक्सन ही खाजगी कंपनी त्याचे व्यवस्थापन पाहत असे. तापीच्या उत्तरेकडील शहादा, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव या भागांतील माणसाला नंदुरबार किंवा दोंडाईच्याचे स्थानक गाठावयाचे तर आजही प्रथम नदी ओलांडावी लागते.

अशा भागातील महाविद्यालये अभ्याससहलीसाठी दिल्ली, मुंबई, नागपूर किंवा गोवा येथे जातात, तेव्हा तेथील रेल्वे संग्रहालय अथवा विमान संग्रहालय सहलीच्या कार्यक्रमात हमखास असते. काही विद्यार्थ्यांच्या बाबतीत रेल्वेचे इंजिन हाताने स्पर्श करून पाहण्याची ती पहिलीच वेळ असते. तथापि सहलीनंतर सादर होणारे अहवाल पाहिले असता निराशा पदरी येते. फलकावरील मजकूर उतरवून घेतलेला असतो, समूहाचे छायाचित्र जोडलेले असते आणि ‘सहल ज्ञानवर्धक झाली’ या वाक्याने अहवाल संपतो. प्रस्तुत लेखकाच्या विद्यार्थ्यांचे अहवालही अनेक वर्षे याच साच्याचे होते. दोष विद्यार्थ्यांचा नाही. यंत्र कसे पाहावे, हे आपण त्यांना शिकविलेले नसते.

ग्रंथालयातील जुना दस्तऐवज जसा वाचता येतो, तसे संग्रहालयातील यंत्रही वाचता येते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. ते वाचन अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यापुरते मर्यादित नसून इतिहास, अर्थशास्त्र, भूगोल, मराठी व भौतिकशास्त्र या सर्व विषयांच्या अध्यापकांना उपयोगी पडणारे आहे.

उद्दिष्टे

१) ऐतिहासिक रेल्वे इंजिने व विमाने यांचे साधन म्हणून असलेले मूल्य स्पष्ट करणे.
२) प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे यंत्रवाचनाची पद्धत मांडणे.
३) संग्रहालयात न दिसणाऱ्या इतिहासाकडे लक्ष वेधणे.
४) ग्रामीण महाविद्यालयांना शक्य होईल अशी अभ्याससहलीची रूपरेषा सुचविणे.

जतन : निवड आणि योगायोग

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही भारतातील पहिली प्रवासी गाडी धावली. ‘साहिब’, ‘सिंध’ व ‘सुलतान’ या तीन इंजिनांनी ती ओढली. शालेय पुस्तकांतून ही नावे सर्वांना परिचित असली, तरी या तिघांपैकी एकही इंजिन आज कोणत्याही संग्रहालयात पाहावयास मिळत नाही. याउलट इ.स. १८५५ मध्ये इंग्लंडमधील लीड्स येथे बांधलेले, ईस्ट इंडियन रेल्वेचे ‘फेअरी क्वीन’ हे इंजिन टिकले. सेवेतून बाद झाल्यानंतर ते काही काळ हावडा येथे उभे होते आणि पुढे उत्तर प्रदेशातील चंदौसी येथील रेल्वे प्रशिक्षण शाळेत गेले. १९९७ साली ते पुन्हा रुळावर धावले व १९९८ मध्ये जगातील सर्वांत जुने चालू स्थितीतील वाफेचे इंजिन म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद झाली. एखादी वस्तू टिकते ती नेहमीच महत्त्वाची असते म्हणून नव्हे. पुष्कळदा ती कोणी तरी मोडीत काढली नाही म्हणून टिकते. ‘फेअरी क्वीन’च्या बाबतीत या योगायोगात एका शिक्षणसंस्थेचाही वाटा होता, ही बाब अध्यापकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

नवी दिल्लीतील चाणक्यपुरी येथील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ साली सुरू झाले. इंग्लंडमधील यॉर्कचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७५ चे आहे. म्हणजे या क्षेत्रात आपण फारसे मागे नव्हतो. पालम येथील वायुसेनेचे संग्रहालय तर त्याहून जुने, १९६७ चे आहे. तेव्हा उणीव आढळते ती जपलेल्या वस्तूंचा अध्यापनात उपयोग करून घेण्याच्या बाबतीत.

रेल्वे इंजिनाचे वाचन

इंजिनासमोर उभे राहिल्यावर विद्यार्थ्याने प्रथम फलक वाचू नये. रुळांमधील अंतर मोजावे. भारतात चार रुंदींचे लोहमार्ग प्रामुख्याने होते. रुंदमापी १६७६ मि.मी., मीटरमापी १००० मि.मी. आणि अरुंदमापी ७६२ व ६१० मि.मी. साधी मोजपट्टी घेऊन गेलेला विद्यार्थी या एका आकड्यावरून बरेच काही ताडू शकतो. रुंद मार्ग म्हणजे अधिक भांडवल आणि मुख्य व्यापारी केंद्रे. अरुंद मार्ग म्हणजे डोंगर, जंगल, संस्थानी मुलूख किंवा कमी मालवाहतुकीचा प्रदेश. नेरळ-माथेरान हा १९०७ साली सुरू झालेला मार्ग ६१० मि.मी. रुंदीचा आहे, कारण डोंगराच्या अंगाने इतकी तीव्र वळणे घेत जाणारा रुंद मार्ग बांधणे अशक्यप्राय होते. त्यासाठी जर्मनीतील ओरेनस्टाइन उंड कोप्पेल या कारखान्यातून मागविलेल्या इंजिनांच्या आसांना वळणावर बाजूला सरकण्याची मुभा ठेवलेली होती. भूगोलाने यंत्राची रचना कशी ठरविली, हे यातून दिसून येते.

अरुंदमापी मार्गाचे आणखी बोलके उदाहरण शेजारच्या गुजरातेत आहे. बडोद्याच्या गायकवाडांनी १८६२ साली डभोई ते मियागाम हा मार्ग सुरू केला, तेव्हा त्यावरील डबे बैल ओढीत असत. रूळ इतके हलके होते की वाफेच्या इंजिनाचा भार त्यांना पेलवला नसता. पुढे वजनदार रूळ टाकल्यावरच तेथे नियमितपणे इंजिने धावू लागली. नवे तंत्र जुन्याला एका दिवसात हटवीत नाही, काही काळ दोन्ही एकाच मार्गावर नांदतात, हे तंत्रज्ञानाच्या इतिहासातील सूत्र ज्याच्या घरी बैलगाडी व ट्रॅक्टर एकाच अंगणात उभे असतात त्या विद्यार्थ्याला वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

रुळांनंतर निर्मात्याची पट्टी पाहावी. इंजिनाच्या अंगावर पितळेची किंवा बिडाची एक लहान पट्टी असते. तिच्यावर कारखान्याचे नाव, गाव, क्रमांक व वर्ष कोरलेले असते. दिल्लीच्या संग्रहालयातील वीस पट्ट्यांची नोंद विद्यार्थ्यांकडून करवून घेतल्यास वसाहतकालीन अर्थव्यवस्थेवरील एक व्याख्यान वाचेल. लीड्स, मँचेस्टर, ग्लासगो ही नावे पुन्हापुन्हा येतात. त्यांच्या गर्दीत अजमेरच्या कार्यशाळेत १८९५ साली बांधलेले मीटरमापी ‘एफ ७३४’ हे इंजिन वेगळे उठून दिसते. भारतात संपूर्णपणे बांधलेले ते पहिले इंजिन मानले जाते. इंजिन बांधण्याचे कौशल्य १८९५ मध्येच येथे असताना चित्तरंजनचा कारखाना १९५० पर्यंत का थांबला, हा प्रश्न त्या पट्टीवरून आपोआप उभा राहतो. त्याचे उत्तर यंत्रशास्त्रात सापडत नाही. ते तत्कालीन शासनाच्या खरेदीच्या धोरणात शोधावे लागते.

तिसरी पायरी म्हणजे आकाराचे कारण शोधणे. महाराष्ट्राशी निगडित असलेले ‘खेकडा’ इंजिन यासाठी उत्तम. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर देशातील पहिली विजेची गाडी धावली आणि पुढील काही वर्षांत घाटमार्गाचे विद्युतीकरण झाले. बोरघाटात काही ठिकाणी चढ ३७ फुटांस १ फूट इतका तीव्र आहे. या चढावर मालगाड्या नेण्यासाठी १९२८ पासून जी विजेची इंजिने आली, त्यांना दोन्ही टोकांना लांब नाकाडे व मध्ये चालकाच्या खोल्या अशी रचना होती. शरीराचे भाग सांध्यांनी जोडलेले असल्याने वळणावर ते लवत. पाश्चात्त्य देशांत अशा इंजिनाला मगरीची उपमा दिली गेली. आपल्या कामगारांनी त्याला खेकडा म्हटले. यातील एक इंजिन दिल्लीच्या संग्रहालयात जतन केलेले आहे. नावात दडलेली ही लोकभाषा मराठीच्या अध्यापकाने अवश्य टिपावी. यंत्राला नाव देणारा माणूस त्याचा उपभोक्ता नव्हता, त्याच्यासोबत राबणारा होता.

विमानाचे वाचन

विमानाच्या बाबतीतही हाच क्रम ठेवता येतो. मात्र येथे मोजपट्टीपेक्षा ‘हा भाग असा का?’ या प्रश्नाला अधिक वाव असतो. मुंबईत वरळी येथील नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात रेल्वेचे इंजिन, ट्राम, वाफेवर चालणारी मालमोटार व ‘मरुत’ हे लढाऊ विमान एकत्र पाहावयास मिळते. १९८५ साली पूर्णत्वाने सुरू झालेले हे केंद्र ग्रामीण महाविद्यालयांच्या दृष्टीने सर्वांत सोयीचे आहे, कारण एकाच भेटीत वाहतुकीच्या चार पिढ्यांची तुलना करता येते.

यातील ‘मरुत’ची कथा विशेष उद्बोधक आहे. हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कारखान्याने बंगळूर येथे जर्मन अभियंता कुर्ट टांक यांच्या मार्गदर्शनाखाली हे विमान घडविले. १७ जून १९६१ रोजी त्याचे पहिले उड्डाण झाले. आराखडा ध्वनीच्या दुप्पट वेगाचा विचार करून आखलेला होता. परंतु त्यासाठी अपेक्षित असलेले शक्तिशाली इंजिन मिळू शकले नाही आणि कमी ताकदीच्या दोन ऑर्फियस इंजिनांवर भागवावे लागले. परिणामी वेगाचे उद्दिष्ट साध्य झाले नाही. तरीही १९७१ च्या युद्धात राजस्थान सीमेवर या विमानांनी जमिनीवरील लक्ष्यांविरुद्ध चोख कामगिरी केली. विमानाचा सडपातळ सांगाडा आणि शेपटीकडील इंजिनांची दोन तोंडे विद्यार्थ्यांना दाखवून, यातील कोणती गोष्ट आपण स्वतः बनवू शकलो व कोणती नाही, असे विचारावे. स्वावलंबनाच्या धोरणावरील चर्चा तेथूनच सुरू होईल. याच जातीचे एक विमान जर्मनीतील म्युनिकजवळ डॉइचेस म्युझियमच्या विमान विभागात आहे. त्या देशाने ते आपल्या अभियंत्याची कृती म्हणून जपले, आपण ते आपल्या कारखान्याची कृती म्हणून जपले. वस्तू एकच, परंतु दोन संग्रहालयांत तिचे दोन अर्थ होतात.

गोव्यात दाबोळी विमानतळाजवळचे नौदल विमान संग्रहालय १९९८ साली स्थापन झाले. येथील ‘सुपर कॉन्स्टेलेशन’ या प्रचंड विमानाची कारकीर्द तीन मालकांची आहे. एअर इंडियाकडे असताना त्याचे नाव ‘रानी ऑफ एलोरा’ असे होते. आपल्या वेरूळचे नाव घेऊन ते प्रवासी वाहून नेत असे. १९६० साली बोइंग ७०७ ही जेट विमाने आल्यावर पंख्यांच्या या विमानांची सद्दी संपली. ते प्रथम वायुसेनेकडे व नंतर नौदलाकडे गेले आणि समुद्रावरील टेहळणीसाठी वापरले गेले. त्याच्या शेपटीला एकाऐवजी तीन उभे पडदे आहेत. त्यामुळे शेपटीची उंची कमी राहिली व त्या काळच्या विमानघरांत ते मावू शकले. यंत्राचा आकार केवळ हवेच्या नियमांनी ठरत नाही. घराच्या दाराची उंचीही तो ठरविते.

याच संग्रहालयातील ‘सी हॉक’ विमानाचे पंख दुमडतात आणि शेपटीखाली एक आकडा असतो. हे दोन्ही जहाजाच्या अपुऱ्या जागेसाठी आहे. दुमडलेल्या पंखांमुळे विमान जहाजाच्या पोटात ठेवता येते व आकडा डेकवरील तारेत अडकून ते थोड्या अंतरात थांबते. परंतु ते जहाज आज दाखविता येत नाही. ४ मार्च १९६१ रोजी नौदलात दाखल झालेली ‘विक्रांत’ ही विमानवाहू युद्धनौका ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. २००१ पासून मुंबईत ती संग्रहालय म्हणून खुली होती. सुरक्षिततेच्या कारणास्तव २०१२ साली ते बंद झाले आणि २०१४ मध्ये नौका लिलावात विकली जाऊन तोडण्यात आली. तिच्या पोलादाचा काही अंश २०१६ साली बाजारात आलेल्या एका मोटारसायकलीच्या टाकीत वापरला गेला. आज सी हॉकचा आकडा गोव्यात आहे, परंतु तो ज्या तारेत अडकत असे ती तार नाही. दस्तऐवजाचे अर्धे पान फाटावे, तसे हे झाले आहे. मोठी यंत्रे जपणे खर्चाचे असते, हे मान्य करूनही, काय गमावले याची नोंद तरी आपल्या अभ्यासात राहिली पाहिजे.

जे मांडलेले नसते

संग्रहालय यंत्र दाखविते. यंत्रामागील माणसे व जमीन बहुधा दाखवीत नाही. बोरघाटाचा मार्ग १८६३ साली पूर्ण झाला. त्या कामावर हजारो मजूर होते आणि रोगराई व अपघात यांनी त्यांतील अनेकांचा बळी घेतला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये मरण पावल्यानंतर त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट पुढे चालविले, एवढी नोंद मिळते. मजुरांची नावे मिळत नाहीत. इंजिनाला नाव असते, मजुराला नसते. ही विसंगती विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून देणे अध्यापकाचे कर्तव्य होय.

या संदर्भात एक अनुभव नमूद करावासा वाटतो. एका सहलीत सर्व विद्यार्थी इंजिनाच्या चाकांकडे पाहत असताना सातपुड्यातील पाड्यावरून आलेल्या एका विद्यार्थ्याने चाकांखालच्या लाकडी स्लीपरांकडे बोट दाखवून हे लाकूड कोठले, असे विचारले. फलकावर त्याचे उत्तर नव्हते आणि प्रस्तुत लेखकाजवळही त्या क्षणी नव्हते. पुढे वाचनातून जे हाती आले ते असे. लोहमार्गांच्या विस्ताराबरोबर साग, साल व देवदार यांची मागणी प्रचंड वाढली. इ.स. १८६४ मध्ये वनखात्याची स्थापना झाली, तिच्यामागे या मागणीची चिंता हे एक प्रमुख कारण होते. त्यानंतर झालेल्या वन कायद्यांनी जंगलात राहणाऱ्यांच्या परंपरागत वहिवाटीवर मर्यादा आणल्या. आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या डांगच्या जंगलातील लाकूड वाहून नेण्यासाठी गायकवाडांनी १९१३ साली बिलिमोरा-वघई हा अरुंदमापी मार्ग बांधला. २०२१ मध्ये ही गाडी पर्यटकांसाठी नव्या डब्यासह पुन्हा सुरू झाली, तेव्हा तिच्या वारशाचे कौतुक झाले. लाकडाचा उल्लेख क्वचितच झाला.

याचा अर्थ असा की, ज्या भागात रेल्वे पोहोचली नाही, तो भाग रेल्वेच्या इतिहासाबाहेर राहिला असे नाही. सातपुड्याच्या परिसरातील विद्यार्थ्याला संग्रहालयातील इंजिन परके वाटत असेल; त्याखालचे लाकूड परके नाही.

अभ्याससहलीची रूपरेषा

वरील विवेचनाच्या आधारे पुढील तीन टप्पे सुचविता येतील.

सहलीपूर्वी : नंदुरबार स्थानकावर एक दुपार घालवावी आणि फलाटावर सुरक्षितपणे उभे राहून लोहमार्ग, डबे व इंजिन यांची निरीक्षणे लिहून घ्यावीत. वर्गात गोविंद नारायण माडगावकर यांच्या ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३) या ग्रंथातील रेल्वेविषयक भागाचे वाचन करावे. नव्या यंत्राकडे त्या पिढीने कोणत्या नजरेने पाहिले, हे त्यातून कळते. प्रत्येक गटाने आपला एक प्रश्न ठरवूनच निघावे.

सहलीत : एका गटाला एकच यंत्र द्यावे व त्यासमोर किमान पाऊण तास थांबावे. मोजमाप, निर्मात्याची पट्टी, आकाराचे कारण, झिजेच्या खुणा आणि न दिसणारी माणसे अशा पाच रकान्यांची नोंदवही असावी. चित्र हाताने काढावे. छायाचित्र एका क्षणात निघते आणि पाहण्याचे राहून जाते. हाताने काढताना प्रत्येक नट पाहावा लागतो. बहुतेक संग्रहालये आठवड्यातून एक दिवस बंद असतात, म्हणून आधी पत्रव्यवहार करावा.

सहलीनंतर : अहवालाऐवजी प्रत्येक गटाने अन्य विषयाच्या वर्गात जाऊन दहा मिनिटे आपले यंत्र समजावून सांगावे. उत्तर न मिळालेला प्रश्न ग्रंथालयात शोधावा.

ठिकाणांची निवड करताना खर्चाचा विचार अपरिहार्य आहे. नंदुरबारहून सुरतमार्गे मुंबई व जळगाव-भुसावळमार्गे नागपूर रेल्वेने गाठता येते. नागपूरच्या मोतीबाग येथील अरुंदमापी रेल्वे संग्रहालय २००२ साली सुरू झाले असून सातपुड्यातील छोट्या गाड्यांचा इतिहास तेथे समजतो. पुण्यात कोथरूड येथील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय हलत्या प्रतिकृतींमुळे सिग्नल व मार्गबदल यांची कार्यपद्धती समजून घेण्यास उपयुक्त आहे. दूरच्या चार ठिकाणी धावती भेट देण्यापेक्षा जवळच्या एका ठिकाणी संपूर्ण दिवस घालविणे केव्हाही श्रेयस्कर.

निष्कर्ष

१) ऐतिहासिक रेल्वे इंजिने व विमाने ही प्राथमिक साधने असून मोजमाप, निर्मात्याची पट्टी व आकाराचे कारण या क्रमाने त्यांचे वाचन करता येते.
२) या वाचनातून अनेक विद्याशाखा एका वस्तूभोवती एकत्र येतात.
३) संग्रहालयाचे मौन हादेखील अभ्यासाचा विषय आहे. मजूर, जंगल व लाकूड यांचा शोध अध्यापकाने सुरू करून द्यावा लागतो.
४) ‘विक्रांत’च्या उदाहरणावरून दिसते की, मोठी यंत्रे एकदा मोडीत निघाली की त्यांच्याशी जोडलेल्या इतर वस्तूंचाही अर्थ उणा होतो.
५) गावातील दमणी, जुनी बैलगाडी, तापीवरील नावा यांची नोंद याच पद्धतीने महाविद्यालयाने आजच करून ठेवावी. सारंगखेड्याच्या यात्रेतील घोडेबाजार हेही आपल्या परिसरातील वाहतुकीच्या इतिहासाचे जिवंत साधन आहे.

शेवटी, ब्राह्मणपुरीच्या विद्यार्थ्याने संग्रहालयातून परत आणावयाची सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे एक प्रश्न होय. लोहमार्ग तापीच्या दक्षिणेकडून का गेला आणि उत्तरेकडे का आला नाही? या प्रश्नासाठी त्याला भूगोल पाहावा लागेल, कंपनीचा हिशेब पाहावा लागेल आणि आपल्या आजोबांनाही विचारावे लागेल.